चार्जर काढा, मग बोला

साखर कारखान्याचं ऑफिस. लांबलचक टेबलाच्या त्या टोकाला चेअरमन आणि एमडी, मध्ये शेतकी अधिकारी, या टोकाला मी, हिशेब तपासायला आलेली सीए, आणि माझा सव्वादोन किलोचा लॅपटॉप. समोर उघडलेलं शीट म्हणजे हंगामातल्या वजनकाट्याच्या सगळ्या पावत्या, साडेतीन लाख ओळी. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) दिली नाही, तर 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे वर्षाला 15 टक्के व्याज लागतं. ते पावतीवार काढून दाखवायचं होतं.

आणि लाइट गेली. कारखाना स्वतः बगॅस (उसाचा चोथा) जाळून वीज करतो, वर महावितरणला विकतो, पण ऑफिसचा एमसीबी पडायचा तेव्हा पडतोच. बॅटरी फुल होती, त्यामुळे मी निर्धास्त. एमडी म्हणाले, "मॅडम, तारीख दोन दिवस पुढं घेऊन बघा बरं." मी सेल बदलला, एंटर दाबलं. स्क्रीन मंद झाली, पंखा कण्हायला लागला आणि एक्सेल पांढरंफटक. मघाशी चार्जरवर जे डोळ्याची पापणी लवेपर्यंत होत होतं, त्यासाठी सगळी मंडळी माझ्याकडे बघत बसली. शेवटी अकाउंट्सचे काका हळूच म्हणाले, "मॅडम, परत एकदा चहा सांगू का?"

तो लॅपटॉप भाच्याच्या सल्ल्यानं घेतलेला. "मावशी, ग्राफिक कार्ड आहे बघ, रॉकेट आहे रॉकेट." कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष तिचा नव्हेच. गेम खेळायला बनवलेलं यंत्र मी कारखान्यात नेलं. अशा लॅपटॉपची सगळी मस्ती भिंतीतल्या विजेवर असते. चार्जर काढला की बॅटरीला तेवढी वीज एका दमात देता येत नाही, म्हणून यंत्र स्वतःच स्वतःचा वेग आवरतं. दुकानात डेमो पीस कायम चार्जरला लावलेला असतो, यूट्यूबवरचा पोरगाही चार्जर लावूनच आकडे दाखवतो. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते: फिरतीवरच्या माणसाने लॅपटॉपची ताकद चार्जर काढून मोजावी. चार्जर लावून मोजलेली ताकद म्हणजे सासूसमोरची सून.

यानंतर मी दोन महिने हीच परीक्षा घेत फिरले. एक खोटी फाइल केली (खऱ्या सभासदांची नावं घेऊन दुकानात जाऊ नका, बायांनो आणि बाप्यांनो), चार लाख ओळी, व्याजाची सूत्रं, दोन पिव्होट (आपोआप गोषवारा काढणारे तक्ते). ओळखीच्यांच्या लॅपटॉपवर टाकायची, चार्जर काढायचा, आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ9 दाबून अख्खं शीट पुन्हा मोजायला लावायचं. एकदा नाही, लागोपाठ दहा वेळा. पहिल्या वेळेला सगळेच हुशार. पाचव्या-सहाव्या फेरीला खरा स्वभाव कळतो, कारण पातळ लॅपटॉप सुरुवातीला जोर लावतो आणि तापला की दम खातो. इंटेलच्या चिपवर एचचं लेबल म्हणजे जास्त वॉटची, यूचं म्हणजे कमी, साधारण 15 वॉटची. सव्वा किलोच्या डब्यात एच कोंबली तर ती उष्णता जाणार कुठं? मांडीवरच. आमच्यासारख्यांना थोडी कमी वॉटची, पण शेवटपर्यंत एका चालीने चालणारी चिप बरी. बैल कसा, शर्यतीचा वेगळा आणि नांगराचा वेगळा.

शेवटी घेतला थिंकपॅड एक्स-वन कार्बन, बाराव्या पिढीचा, 2024 चा. चौदा इंची स्क्रीन, वजन 1.09 किलोपासून, बॅटरी 57 वॉट-अवरची. हा शेवटचा आकडा जाहिरातीत कुठंतरी बारीक अक्षरांत असतो आणि "दिवसभर चालेल" मोठ्या अक्षरांत. हिशेब तर साधा आहे. टायपिंग, मेल, एक्सेल असं काम सात-आठ वॉटमध्ये होतं, म्हणजे सात-आठ तास. व्हिडिओ कॉल आणि स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवली की तो वेळ निम्म्यावर येऊ शकतो. वॉट-अवर भागिले वॉट. आपण सीए आहोत, एवढा भागाकार तर जमायला हवा.

वजनाचंही तेच. वजन चार्जरसकट विचारा. माझ्या जुन्या लॅपटॉपचा चार्जर म्हणजे निव्वळ वीट. ती वीट पिशवीत, तिची जाड वायर पिशवीत, आणि लॉजवरच्या सॉकेटमध्ये ती स्वतःच्याच भाराने लोंबकळून निसटायची. खाली ग्लास उपडा ठेवून मी तिला टेकू दिलाय, किती रात्री. आता 65 वॉटचा टाइप-सी आहे, मुठीत मावतो, त्यावरच फोनही चार्ज होतो. विमानात सोबत पॉवर बँक 100 वॉट-अवरपर्यंत विनापरवानगी नेता येते. 20,000 एमएएचची म्हणजे 74 वॉट-अवर, ती बसते त्यात. पॉवर बँक तेवढी पीडीवाली (टाइप-सीवरून लॅपटॉपला पुरेल एवढी वीज देणारी), पुरेशा वॉटची बघून घ्या, फोनवाली साधी चालत नाही.

चौदा इंचच का, हे बसमध्ये कळतं. व्होल्वोत समोरचा प्रवासी न सांगता सीट मागे टाकतो. त्याच्या पाठीला लागलेल्या ट्रेवर तुमचा लॅपटॉप उघडा, आणि स्क्रीनची वरची कड त्या सीटच्या खोबणीत अडकलेली. एकदा पेठ नाक्याजवळ माझ्या पंधरा इंची स्क्रीनचा असा "कट्" आवाज आला की माझ्याच बरगडीचा वाटला. चौदा इंची उंचीला कमी भरतो आणि बिजागरी 180 अंश मागे जाते, त्यामुळे जीव वाचतो.

आणि ती लाल टिकली! कीबोर्डच्या मधोमध, जी, एच आणि बीच्या बेचक्यात असते ती. 1992 मध्ये आयबीएमने थिंकपॅड आणला तेव्हापासून आहे; 2005 मध्ये धंदा लेनोवोकडे गेला तरी टिकली राहिली. तरुण मंडळी तिला हसतात. त्यांनी जरा एसटीच्या मागच्या चाकावरच्या सीटवर बसून टचपॅडने एका बारक्या सेलवर क्लिक करून दाखवावं. खड्डा आला की बोट घसरतं, कर्सर तिसऱ्याच कॉलममध्ये. टिकलीवर बोट रोवलं की बोट तिथंच राहतं. चार दिवस हात बसायला लागतात, मग सोडवत नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. रॅम मदरबोर्डला सोल्डर केलेली आहे, नंतर वाढवता येत नाही. म्हणून घेतानाच 32 जीबी घ्या. सोळात आज भागेल, चौथ्या वर्षी भागेलच असं नाही. एसएसडी मात्र बदलता येते. दोन्ही टाइप-सी डावीकडेच, आणि लॉजमधलं सॉकेट नेमकं उजवीकडे असतं, हा जगाचा नियम आहे. याच पिढीत कंट्रोल की कोपऱ्यात आली आणि एफएन आत गेली. नव्या माणसाला सोयीचं, पण जुन्या थिंकपॅडवाल्यांचा करंगळीखालचा सगळा संसार विस्कटला. नंबर पॅड नाही. आता नंबर पॅडशिवाय सीए म्हणजे वस्तऱ्याशिवाय न्हावी. मी यूएसबीचा छोटा वेगळा पॅड घेऊन फिरते.

त्यासाठीच पोर्टांचं महत्त्व. एका यूएसबीत नंबर पॅड, दुसऱ्यात डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, डोंगल. रिटर्नची शेवटची तारीख, रात्रीचे अकरा, क्लायंटचा डोंगल हातात आणि लॅपटॉपला नुसती टाइप-सीची दोन भोकं: हा प्रसंग माझ्या एका मैत्रिणीवर आलाय, ॲडॉप्टर पुण्याला राहिला होता. इथे दोन मोठ्या यूएसबी आहेत, एचडीएमआय आहे. कारखान्याच्या हॉलमधला प्रोजेक्टर मात्र अजून व्हीजीएवरच असतो, तो ॲडॉप्टर वेगळा बाळगावा लागतोच. त्याला कुणाचा इलाज नाही.

मॅकबुक एअर का नाही, हे प्रत्येक जण विचारतो. चार्जर काढल्यावर वेग न सोडण्यात त्याचा हात धरणारं फार कुणी नाही, हे मान्य. त्यात पंखाच नाही, त्यामुळे बगॅसची भुकटी आत ओढली जायचा प्रश्न नाही. पण टॅलीप्राइम विंडोजचं, आमचं निम्मं जग टॅलीत. स्नॅपड्रॅगनवाले (इंटेलऐवजी एआरएम जातीची चिप असलेले) विंडोज लॅपटॉपही बॅटरीला छान आहेत, पण तिथं नेहमीचे प्रोग्रॅम भाषांतर करून चालवता येतात, ड्रायव्हर नाही. जुन्या डोंगलचा किंवा कारखान्यातल्या जुनाट प्रिंटरचा ड्रायव्हर एआरएमसाठी निघालाच नसेल तर यंत्र कितीही देखणं असो, बसा. लेखक, पत्रकार, शिक्षक असाल तर खुशाल घ्या. आणि ते "एआय पीसी"चं स्टिकर? त्यातल्या एनपीयूने (एआयच्या कामासाठीच्या वेगळ्या भागाने) माझं पिव्होट एका सेकंदानेही लवकर होत नाही. स्टिकरचे पैसे रॅममध्ये घाला.

तसंच "मिलिटरी ग्रेड". एमआयएल-एसटीडी-810एच हे अमेरिकी लष्कराचं चाचण्यांचं पुस्तक आहे. कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनी ठरवते, लष्कर येऊन शिक्का मारत नाही. पडला तर बरा टिकेल एवढाच अर्थ घ्या. गोडाऊनमध्ये साखरेच्या थप्पीवर ठेवलेला माझा लॅपटॉप घसरून दोन पोती खाली आला आणि टिकला, पण त्यात पोत्यांचाही वाटा असेल. पैसे घालायचेच तर ऑनसाइट वॉरंटीत घाला, आणि घेण्यापूर्वी तुमच्या पिनकोडला माणूस येतो का ते लेखी विचारा. "पुढच्या कामाच्या दिवशी" हे मुंबईत एक असतं आणि चंदगडात दुसरं.

हरवला तर? लॅपटॉपची किंमत मी सोसेन, सभासदांचे बँक खाते क्रमांक कुणाच्या हाती लागलेले नाही सोसणार. विंडोज प्रोवर बिटलॉकर (सगळ्या डेटाला कुलूप लावणारी सोय) चालू करा आणि 48 आकडी रिकव्हरी की छापून ऑफिसच्या कपाटात ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत.

महाग आहे, यात वाद नाही. जीएसटीआयएनवर बिल घेतलंत तर 18 टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, प्राप्तिकरात संगणकावर 40 टक्के घसारा (वर्षात 180 दिवसांहून कमी वापरला तर निम्मा). तरीही झेपत नसेल तर एक-दोन पिढ्या मागचा, कंपन्यांच्या लीजवरून उतरलेला बघा. फक्त बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी ताडून घ्या, नाहीतर 57 च्या जागी 35 घरी याल घेऊन.

मागच्या महिन्यात त्याच कारखान्यात गेले होते. लाइट पुन्हा गेली. एमडींनी पुन्हा तारीख बदलायला लावली, यावेळी मुद्दाम असावी. आकडा आला. अकाउंट्सचे काका चहा सांगायला उठले होते, ते परत बसले.

जुना लॅपटॉप भाच्याला दिलाय. टेबलावर असतो, अहोरात्र चार्जर लावलेला. तो म्हणतो, "मावशी, रॉकेट होतं, तुला चालवता आलं नाही."