‘कागदाने हात धरला जात नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारांवर मी लिहिलेल्या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, ‘ठराव करा, करार करा, २५ नोव्हेंबरला नारिंगी दिवे लावा. कागदाने नवऱ्याचा हात धरला जात नाही. इतकी वर्षं झाली, तरी तीनातली एक बाई मार खातेच आहे.’ पहिल्या वाचनात राग आला, हे कबूल करते.

बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या त्या दिवशी लावल्या जाणाऱ्या दिव्यांवरून माझं भांडण नाही. कागदावरून आहे.

ब्राझीलच्या मारिया दा पेन्या यांना १९८३ मध्ये नवऱ्याने झोपेत पाठीत गोळी घातली. दरोडेखोर आले होते, असं सांगून मोकळा झाला. बाई कायमच्या अधू होऊन घरी आल्या, तर अंघोळ करताना विजेचा धक्का देऊन मारायला निघाला. दोन खटल्यांत दोषी ठरला आणि अपिलांच्या जोरावर बाहेरच राहिला. १९९८ मध्ये मारियाबाई दोन संघटनांना घेऊन आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे गेल्या. तिथे पिंजऱ्यात नवरा नव्हता, देश होता. तुम्ही ज्याला कागद म्हणता त्याचं काम हे एवढंच. बाईला मार बसत असताना सरकार हात बांधून उभं राहिलं, तर जाब सरकारला द्यावा लागतो. बायकांवरची हिंसा रोखण्यासाठी ब्राझीलमधल्याच बेलेम दो पारा इथे १९९४ मध्ये झालेला करार ब्राझीलने स्वीकारला होता, म्हणून तर प्रश्न विचारता आला. २००१ मध्ये आयोगाने ब्राझीलला जबाबदार धरलं, २००२ मध्ये नवरा गजाआड गेला. गुन्हा मुदतबाह्य व्हायला तेव्हा काही महिनेच उरले होते. २००६ मध्ये मारियाबाईंच्याच नावाने कायदा झाला.

गोळीपासून तुरुंगापर्यंत एकोणीस वर्षं. याला यश म्हणायला माझीही जीभ रेटत नाही.

‘तीनातली एक’ या आकड्याबद्दल मात्र थोडं थांबा. जागतिक आरोग्य संघटनेचा हा अंदाज ‘आयुष्यात कधी तरी’ झालेल्या हिंसेचा आहे. साठीच्या बाईने विशीत खाल्लेला मारही त्यात येतो. आज सगळीकडची मारहाण थांबली, तरी हा आकडा उतरायला पिढी जाईल. कराराने काही केलं का, हे त्यावरून ठरवता येणार नाही. गेल्या बारा महिन्यांत काय झालं, हा वेगळा प्रश्न विचारावा लागतो.

आता तुमचं बरोबर कुठे आहे ते. १९७९ च्या ‘सीडॉ’ करारात, म्हणजे बायकांविरुद्धचा भेदभाव संपवण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात, बायकांना होणाऱ्या मारहाणीवर स्वतंत्र कलमच नाही. ती उणीव या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने १९९२ मध्ये शिफारशीने भरून काढली, आणि शिफारस कुणी मनावर घेईलच असं नाही. हंगेरीतल्या एका बाईचं प्रकरण या समितीपुढे आलं होतं. घर दोघांच्या मालकीचं, म्हणून मारणाऱ्याला घराबाहेर ठेवायला तिथलं न्यायालय तयार नव्हतं. आणि तिच्या दिव्यांग मुलासह तिला सामावून घेईल असा निवारा देशात नव्हता. समितीने २००५ मध्ये तिच्या बाजूने निर्णय दिला. पण तो अंमलात आणायला समितीजवळ ना पोलीस, ना दंडाची पावती. आणि बायकांवरची हिंसा रोखण्यासाठीचा युरोपातला इस्तंबूल करार सर्वांत आधी मान्य करणारी तुर्कीच २०२१ मध्ये त्यातून बाहेर पडली. ज्या शहराचं नाव करारावर, ते त्यांचंच!

माझ्या लेखात ‘करार झाले आणि कायदे बदलले’ असं वाक्य होतं, जणू काही आपोआपच. तिथे तुम्ही मला नेमकं पकडलंत. वाक्य आज बदललं आहे: ‘करार झाले, आणि ते हातात घेऊन बायका भांडल्या तिथे कायदे बदलले.’