नॉर्वे संघाबाहेर आहे, पण ब्रसेल्सपासून मोकळा नाही

सध्या एक मजकूर फॉरवर्ड होत फिरतो आहे: ‘नॉर्वे युरोपीय संघात गेला नाही, म्हणून त्याला ब्रसेल्सचे कायदे पाळावे लागत नाहीत, एक पैसा द्यावा लागत नाही, सीमा त्याच्या ताब्यात आहे, आणि तरी सगळा बाजार खुला आहे.’ यातलं पहिलं विधान, संघात न गेल्याचं, तेवढं खरं. १९७२ च्या सार्वमतात ५३.५ टक्के आणि १९९४ मध्ये ५२.२ टक्के लोकांनी सदस्यत्व नाकारलं. पण दुसऱ्या सार्वमताच्या आधीच, १ जानेवारी १९९४ ला, युरोपीय आर्थिक क्षेत्राचा करार लागू झाला होता. नॉर्वे, आइसलंड आणि लिक्टेनश्टाइन त्यामुळे संघाच्या एकल बाजारपेठेत आहेत. फॉरवर्डमध्ये या कराराचा उल्लेखच नाही.

‘कायदे पाळावे लागत नाहीत.’ पाळावे लागतात, आणि ते ठरवताना मत देता येत नाही. मसुदा तयार होताना नॉर्वेचे तज्ज्ञ युरोपीय आयोगाच्या गटांत बसतात. पण मतदान मंत्रिपरिषदेत आणि युरोपीय संसदेत होतं, आणि तिथे नॉर्वेला जागा नाही. मंजूर कायदा आर्थिक क्षेत्राशी संबंधित असला तर संघ आणि हे तीन देश यांची संयुक्त समिती तो करारात घालते. देशातला कायदा बदलायचा असेल तर नॉर्वेची संसद संमती देते. पुढे अंमलबजावणी नीट होते की नाही यावर एफ्टाची (हे तीन देश आणि स्वित्झर्लंड यांच्या मुक्त व्यापार संघटनेची) देखरेख संस्था नजर ठेवते, आणि गरज पडली तर लक्झेंबर्गच्या एफ्टा न्यायालयात खेचते.

नकाराधिकार कागदावर आहे. २०११ मध्ये तेव्हाच्या सत्ताधारी मजूर पक्षाच्या अधिवेशनाने सरकारला टपालसेवेचा निर्देश (संघाच्या कायद्याचा एक प्रकार) नाकारायला लावला. २०१३ मध्ये आलेल्या सरकारने तो नकार मागे घेतला. कारण आर्थिक क्षेत्र कराराच्या कलम १०२ मध्ये आहे. नकार दिला तर करारातला तेवढाच नियम गळत नाही, परिशिष्टाचा संबंधित भाग स्थगित होऊ शकतो. म्हणजे एका निर्देशापायी त्या क्षेत्रातला बाजारप्रवेश पणाला लागतो.

या कायद्यांचं वजन किती, हे नॉर्वेच्या कल्याण प्रशासनाच्या प्रकरणात दिसलं. आजारपणाचा भत्ता घेणारी किंवा आजारी मुलाची काळजी घेण्यासाठी भत्ता मिळणारी माणसं काही दिवस स्पेन किंवा इटलीला गेली, की ‘देशाबाहेर होता’ म्हणून पैसे परत मागितले जात. काहींवर फसवणुकीचे खटले झाले, काही तुरुंगात गेली. युरोपीय नियमानुसार आर्थिक क्षेत्रातल्या देशात राहिलं म्हणून भत्ता बंद करता येत नव्हता. ऑक्टोबर २०१९ मध्ये हे उघड झालं. २०२१ मध्ये आधी एफ्टा न्यायालयाने आणि मग नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने चूक मान्य केली. ‘आपण बाहेर आहोत’ ही समजूत प्रशासन, वकील आणि न्यायालयं या सगळ्यांच्या डोक्यात इतकी पक्की होती की निरपराध माणसं शिक्षा भोगून आली. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी निदान हे एक प्रकरण वाचावं.

‘एक पैसा द्यावा लागत नाही.’ संघाच्या अर्थसंकल्पात सदस्यासारखी वर्गणी जात नाही, हे खरं. पण तुलनेने गरीब सदस्य देशांसाठी अनुदान द्यावं लागतं: २०१४ ते २०२१ या कालखंडासाठी एकूण २.८ अब्ज युरो, त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या नॉर्वेचा. संशोधन आणि विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांचे पैसे वेगळे. या अनुदानावर नॉर्वेचा थोडा वचक मात्र राहतो. नागरी संस्थांचा निधी कुठल्या स्वतंत्र संस्थेने चालवायचा हे हंगेरीशी ठरेना, तेव्हा २०२१ मध्ये तिच्या वाट्याचे २० कोटी युरोंहून जास्त पैसे दिलेच गेले नाहीत.

‘सीमा त्याच्या ताब्यात.’ माणसांच्या बाबतीत नाही. २५ मार्च २००१ पासून नॉर्वे शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात, आहे, आणि संघातल्या कामगारांना तिथे येऊन काम करायचा हक्क आहे. नॉर्वेतल्या स्थलांतरितांत सर्वांत मोठा गट पोलिश लोकांचा आहे.

मालाची सीमा मात्र खरोखर आहे, आणि तीच नॉर्वेला महागात पडते. नॉर्वे युरोपीय संघाच्या जकात संघात (आपसात जकात नाही आणि बाहेरच्या मालावर सगळ्यांची एकच जकात, अशा व्यवस्थेत) नाही, त्यामुळे स्वीडनच्या हद्दीवर स्विनेसुंडला ट्रकचं जकातपत्र लागतं. शून्य जकात हवी तर माल कराराच्या नियमांनुसार ‘मूळचा’ इथला असल्याचं दाखवावं लागतं. चीनमध्ये शिवलेला शर्ट स्वीडनमध्ये जकात भरून आत आला असला, तरी नॉर्वेत जाताना तो परकाच.

सर्वांत मोठी गोची माशांची. ताज्या अख्ख्या सॅमनवर संघात २ टक्के जकात, धुरावलेल्या सॅमनवर १३ टक्के. म्हणून मासा नॉर्वेचा, पण धुरावण्याचं काम बरंचसं पोलंडमध्ये आणि डेन्मार्कमध्ये चालतं. प्रक्रियेतला रोजगार तिकडे गेला. ‘बाजार खुला’ म्हणणाऱ्यांनी नोव्हेंबर २०२५ सुद्धा लक्षात घ्यावा: संघाने लोह-मिश्रधातूंच्या आयातीवर संरक्षक कोटे लावले आणि नॉर्वेला त्यातून सूट दिली नाही.

मग बाहेर राहून काहीच मिळालं नाही का? मिळालं. शेती आणि मासेमारीची धोरणं करारात नाहीत. २०१३ मध्ये नॉर्वेने बऱ्याच कठीण चीजवर २७७ टक्के जकात लावली. ब्रसेल्सने निषेध केला, पण जकात टिकली. सदस्य देशाला हे करताच आलं नसतं. स्वतःचे व्यापार करारही करता येतात: एफ्टा देशांचा भारताशी करार १० मार्च २०२४ ला झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे.

नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराने मात्र हा फरक नीट समजून घ्यावा. जकातीचा दर नॉर्वेचा आणि त्या कराराचा पाहायचा. कीटकनाशकाच्या अंशाची मर्यादा मात्र युरोपीय संघाचीच, कारण अन्नसुरक्षेचे नियम आर्थिक क्षेत्राच्या करारात येतात. रॉटरडॅमला अंशामुळे नापास झालेला कंटेनर ऑस्लोला चालेल या हिशेबाने माल भरू नका.