खुलासा : मार्टिन यांनी पुस्तक दडवून ठेवलेलं नाही

‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही टीव्ही मालिका ज्या कादंबरीमालेवर बेतलीय, तिचे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन. ‘मार्टिन यांचे उरलेले दोन्ही खंड केव्हाच लिहून झालेत, टीव्ही मालिकेसाठी दाबून ठेवलेत’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. हे खरं नाही.

मूळ दावा ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या एका अभिनेत्याचा. मे २०१९मध्ये मार्टिन यांनी तो साफ खोडून काढला: सहावा खंड ‘द विंड्स ऑफ विंटर’ पूर्ण नाही, सातव्याला तर हातही लावलेला नाही. उलट मालिकेचा सहावा सीझन येण्याआधी पुस्तक आणायची त्यांचीच धडपड होती. ते जमलं नाही, ही कबुली त्यांनी जानेवारी २०१६मध्ये स्वतःहून दिली. तयार हस्तलिखित कपाटात असतं तर ही नामुष्की कोण ओढवून घेईल?

पाचवा खंड आला जुलै २०११मध्ये. माझ्या प्रतीची शिवण उसवलीय, मधली पानं सुटी झालीत. वाट बघणं म्हणजे काय ते मलाही ठाऊक आहे. पण इंटरनेट नसलेल्या जुन्या डॉस कॉम्प्युटरवर, वर्डस्टार या जुन्या लेखन-सॉफ्टवेअरमध्ये लिहीत बसणाऱ्या या लेखकाला कुणी लबाड म्हटलं की मला फार लागतं. उशिराबद्दल खुशाल रागवा. हा मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका.