चित्राशेजारचा कागद

कोल्हापुरात चित्राला नावं ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन लागलं की चौकात चहाला आलेला माणूसही आत डोकावून जातो. मागे तिथं अमूर्त चित्रं लागली होती. तालमीतला वाटावा असा एक गडी एका कॅनव्हाससमोर थांबला नि चित्रकाराला सरळ म्हणाला, "काय काढलंयसा ओ हे?" चित्रकारानं तोंड न उघडता चौकटीशेजारी चिकटवलेल्या कागदाकडं बोट केलं. 'अस्तित्वाच्या पोकळीतील स्पंदने' असलं काहीतरी होतं. गड्यानं ते वाचलं, "बरं, चालू द्या" म्हणाला आणि गेला.

मॉडर्न आर्टची उतरण मला त्या कागदात दिसते. लोक अडाणी आहेत म्हणून चित्र कळत नाही, ही चित्रकारांची सबब आता पुरे.

चढणीचा काळ आठवा. १८३९ साली फोटोग्राफी जगापुढं आली आणि चेहरा हुबेहूब उतरवण्याचा मक्ता चित्रकाराकडून सुटला. ट्यूबमधले रंग मिळू लागल्यावर उघड्यावर बसून उजेड रंगवणं सोपं झालं. १८७४ मध्ये चित्रकार मोने आणि मंडळींनी पॅरिसमध्ये स्वतःचं प्रदर्शन मांडलं, तर एका टीकाकारानं लिहिलं की भिंतीला डकवायचा अर्धवट कागदसुद्धा मोनेच्या या समुद्राच्या चित्रापेक्षा पुरा वाटतो. झोंबलं असणारच. पण तो बाबा चित्र बघून चिडला होता, हे महत्त्वाचं.

त्याच युगात इकडं आपले चित्रकार आबालाल रहिमान शाहू महाराजांच्या आश्रयानं रंकाळा रंगवत होते. पॅरिसच्या भानगडींशी त्यांचा संबंध असल्याचं दिसत नाही, पण पाण्यावरचा हलता उजेड त्यांनाही पकडायचा होता. महाराज १९२२ ला गेले आणि आबालालांनी आपली चित्रं पाण्यात सोडली, असं जुनी माणसं सांगतात. खरंखोटं देव जाणे.

मग १९४७ मध्ये मुंबईत नव्या चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप उभा राहिला. त्यातल्या सूझाला जेजे कलाशाळेतून काढून टाकलेलं, आरा घरगडी म्हणून राबलेले, हुसेन सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून वर आलेले. (बाबूराव पेंटरांच्या गावाला याचं अप्रूप वाटायचं कारण नाही. आमच्याकडं नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या माणसानं कॅमेरा स्वतः बनवून सिनेमा काढला.) या लोकांना शिव्या पडल्या, आणि त्या अंगावर घेऊन त्यांनी काम केलं.

घसरण कुठं लागली? द्युशां या फ्रेंच कलावंतानं १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला मुतारीचं भांडं कलाकृती म्हणून पाठवलं, ते मांडू दिलं नाही. मूळ भांडं हरवलं. १९६४ मध्ये त्याच्याच संमतीनं प्रतिकृती निघाल्या आणि त्या म्युझियमांत मानानं बसल्या. माझ्या मते इथंच बंडाला पेन्शन लागली. २०१९ मध्ये मायामीत भिंतीला टेपनं चिकटवलेलं केळं १ लाख २० हजार डॉलरला गेलं. २०२४ मध्ये त्याचीच एक आवृत्ती लिलावात ६२ लाख डॉलरला. घेणाऱ्यानं ते खाल्लंसुद्धा. विनोद म्हणून ठीक आहे, पण त्यावर कुणी खरंच चिडलं असेल असं वाटत नाही. सगळे मोबाईल काढून उभे.

अमूर्त चित्रकार गायतोंडे आठवतात. वर्षाला मोजकी चित्रं, रोलर आणि पॅलेट नाईफनं थरावर थर, आणि बोलणं अगदी कमी. आता त्यांचा तो थर 'टेक्स्चर' म्हणून कुठल्याही हॉटेलच्या लॉबीत सोफ्याच्या रंगाशी जुळवून मिळतो. सोबत दीड पानाचा कागद फुकट. समोरचा माणूस तो वाचून गप्प बसतो, आणि चित्रकाराला आपलं चित्र कुठं फसलं ते कधीच कळत नाही. त्या गड्यानं आणखी दोन प्रश्न विचारले असते, तर चित्रकाराच्या फायद्याचंच झालं असतं.

हे वाचून आपले वास्तववादी मित्र खूश झाले असतील. थांबा जरा. आबालालांनंतर रंकाळ्याची संध्याकाळ किती जणांनी रंगवली? तेच पाणी, तोच संध्यामठ, आकाशात तोच नारिंगी. फोटो प्रोजेक्टरवर टाकून पेन्सिलीनं गिरवायचा, वरनं वॉटरकलर सोडायचा आणि त्याला 'साधना' म्हणायचं. अमूर्तवाल्यानं निदान कागद तरी स्वतः लिहिलाय, भावांनो.