पुलाखालच्या शाळेला पगार हवाय

भीक देणाऱ्यावरच १ जानेवारी २०२५ पासून गुन्हा नोंदवणार, असं इंदूरच्या प्रशासनाने जाहीर केलं आणि इथे फ्रँकफर्टमध्ये आमच्या मराठी ग्रुपवर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, सिग्नलवर द्यायचंच नाही, मागे टोळ्या असतात. दुसरा चिडून विचारतो, पोर उपाशी दिसतंय आणि तुम्ही काच वर करता? मग कुणीतरी हमखास टाकतंच, ‘इथे बघा, एक मूल रस्त्यावर दिसत नाही!’

दिसत नाही, खरं आहे. शाळा सक्तीची आहे आणि मूल गैरहजर राहिलं की घरी चौकशी येते. पण २०१७ साली जर्मन युवा संस्थेनेच अंदाज काढला होता : सत्तावीस वर्षांखालची सुमारे ३७ हजार मुलं-मुली हक्काच्या घराविना. बहुतेक अठरा ओलांडलेली. सरकारी निवाऱ्यात वाढायचं, सज्ञान व्हायचं आणि मग आज या मित्राच्या सोफ्यावर, उद्या त्या. ‘ऑफ रोड किड्स’ ही संस्था १९९३ पासून अशांना गाठते. एवढं श्रीमंत सरकार असूनही मुलापर्यंत चालत जाणारा माणूस लागतोच.

ठाण्याच्या तीन हात नाक्यावर नेमकं हेच झालं. दुष्काळाने गाव सुटलेली पारधी कुटुंबं उड्डाणपुलाखाली राहायला आली. मुलं सिग्नलवर फुलं, गजरे विकायची. समर्थ भारत व्यासपीठाने महापालिकेला सोबत घेऊन २०१६ साली त्याच पुलाखाली सिग्नल शाळा काढली. कंटेनरमध्ये वर्ग, डोक्यावर वाहनांचा गडगडाट. मुलांना उचलून दूरच्या वसतिगृहात टाकलं नाही, आईबापांपासून तोडलं नाही. पाटीच्या आधी आंघोळ, स्वच्छ कपडे, पोटात काहीतरी. २०१८ला इथली दोन मुलं दहावी पास झाली. दोनच? असं विचारणाऱ्याने एकदा त्या नाक्यावर उभं राहून अभ्यासाला बसून बघावं.

नाणं द्यायचं की नाही, हा माझ्या मते आपल्या मनाच्या समाधानाचा वाद आहे. दंड लावला तर मूल पुढच्या नाक्यावर जाईल. मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा १९५९चा, तरी मुलं सिग्नलवर आहेतच. त्या मुलाला रोज नावाने हाक मारणारी, दोन दिवस दिसलं नाही तर झोपडीपर्यंत जाणारी बाई हवी, आणि तिला महिन्याच्या महिन्याला पगार हवा.

आपण नेमके तिथेच हात आखडतो. दप्तरं देऊ, वह्या देऊ, लेकीच्या वाढदिवसाला पुरणपोळीचं जेवण देऊ. पगाराला पैसे मागितले की लगेच, ‘ॲडमिनवर किती खर्च होतो हो तुमचा?’ अहो, अशा कामात माणूस हाच तर खर्च आहे!

त्यात कायद्याची गुंतागुंत. परदेशी पैसा घ्यायचा तर संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. २०२०च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत येतो आणि एका संस्थेने दुसरीला द्यायचा नाही. म्हणजे मोठ्या संस्थेकडून छोटीकडे झिरपायची वाटही बंद. नोंदणी नसलेल्या छोट्या संस्थेला जर्मन पासपोर्ट घेतलेले आमचे मित्र सरळ मदत करू शकत नाहीत. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, ते मात्र स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतात. ती परदेशी देणगी धरत नाहीत. आमच्यातल्या निम्म्यांना हे माहीतच नव्हतं, आणि बाकीच्यांनी ते सोयीने विसरून ठेवलं होतं.

म्हणून यंदा गणपतीच्या वर्गणीच्या बैठकीत मी सुचवलं : एका शिक्षिकेचा वर्षभराचा पगार उचलू या, भारतीय पासपोर्टवाल्यांनी आपापल्या खात्यातून पाठवायचा, सलग तीन वर्षं. खजिनदारांचा पहिला प्रश्न होता, ‘पगाराचा फोटो कसा काढणार?’

पुढच्या बैठकीत मतदान आहे.