पासष्टी ओलांडली की अडीच लाखांचे एकवीस हजार होतात

महाराष्ट्रातली चौसष्ट वर्षांची बाई. घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, चारचाकी नाही, घरात कुणी सरकारी नोकरीत नाही. तिला लाडकी बहीण योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. ती पासष्ट पूर्ण करते आणि पैसे बंद होतात, कारण योजना २१ ते ६५ वयापुरतीच आहे. ठीक आहे, पुढे तिच्यासाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. रक्कम तेवढीच, १,५००. फक्त आता कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला आणायचा.

अडीच लाखांवरून एकवीस हजार. घर तेच, चूल तीच, मुलाचा पगार तोच. बाईचं वय तेवढं एका वर्षाने वाढलं आणि काल सरकारच्या लेखी गरजू असलेली बाई आज त्याच सरकारच्या लेखी सुखवस्तू झाली.

गेले काही महिने नाशिकमधल्या आमच्या सिडकोत, दर दोन-तीन घरांमागे एका घरात हा विषय निघतो. लोक चिडलेले आहेत. मीही चिडलेय, आणि हा राग का आहे ते नीट मांडावं म्हणून लिहितेय. 'म्हाताऱ्यांना फुकटचं हवंय' असं म्हणणारे आपल्याच ओळखीत आहेत आणि त्यांना हिशोब माहीत नसतो.

तर आधी हिशोब. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. दिवसाला ५८ रुपयांपेक्षाही कमी. हे एका माणसाचं नाही, अख्ख्या कुटुंबाचं. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर होता ३१२ रुपये. त्या दराने घरातल्या एकाच माणसाने वर्षात ६८ दिवस खड्डे खणले तर २१,२१६ रुपये होतात. म्हणजे सरकारनेच ज्या शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली होती, ते काम पूर्ण केलं तर त्याच घरातली म्हातारी पेन्शनला अपात्र.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उभं आयुष्य घालवलेले किती तरी जण ईपीएस-९५ च्या, म्हणजे खासगी कामगारांच्या पीएफबरोबरच्या पेन्शनवर आहेत. त्यातली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, त्यात वाढ व्हावी म्हणून हे लोक वर्षानुवर्षं आंदोलनं करताहेत. त्यातल्या एखाद्याला १,८०० रुपये मिळत असतील तर वर्षाचे झाले २१,६००. त्याची बायको श्रावणबाळच्या मर्यादेबाहेर गेली. सहाशे रुपयांनी. नवरा-बायको दोघांनी मिळून १,८०० रुपयांत महिना काढायचा आणि वर 'तुमचं उत्पन्न जास्त आहे' हे ऐकायचं.

मग प्रत्यक्षात लोक काय करतात? सगळ्यांना माहीत आहे काय करतात. सेतूत जाऊन 'एकवीस हजाराचा दाखला' मागतात. हा दाखल्याचा जणू वेगळा प्रकारच झालाय. उत्पन्न किती ते कुणी विचारत नाही, दाखला केवढ्याचा हवा तेवढं विचारतात. आमच्या शेजारच्या मावशींबरोबर मी गेले होते. मावशी सिन्नरच्या, तरुणपणापासून घरी विड्या वळल्या, नवरा गेल्यावर मुलाकडे सिडकोत आल्या. मुलगा अंबडला ठेक्यावर कामाला, सून चार घरची पोळ्यांची कामं करते. लाडकी बहीणचे हप्ते थांबले तेव्हा मावशींना वाटलं बँकेत काही गडबड झाली. वयामुळे थांबले हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, ना मेसेज, ना पत्र.

तिथल्या मुलाने सरळ सांगितलं, "आजी, एकवीस हजाराचाच करावा लागेल. जास्तीचा केला तर श्रावणबाळला चालत नाही."

मावशींनी विचारलं, "पण पोरगा महिन्याला त्याच्या निम्म्याहून जास्त कमावतो. ते कसं लिहायचं?"

"ते नका ना सांगू."

मावशी तिथून उठल्या. मला म्हणाल्या, "ताई, या वयात खोटं लिहून अंगठा द्यायचा? नको." आणि आम्ही परत आलो.

खोटं न लिहिणाऱ्या बाईला या योजनेत जागा नाही. जो लिहितो तो आत जातो, पण कायमचा भीतीत राहतो, कारण कधीही पडताळणी लागते आणि मग 'बोगस लाभार्थी' हा शिक्का त्याच्याच कपाळी बसतो. दाखला देणारा सुटतो, मर्यादा ठरवणारा तर चर्चेतही येत नाही. पेन्शन ६०० होती तेव्हा मर्यादा २१,०००. २०१९ मध्ये पेन्शन १,००० झाली, मर्यादा २१,०००. जुलै २०२३ पासून १,५०० झाली, मर्यादा २१,०००. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने वृद्ध पेन्शन २,१०० करण्याचं वचन दिलं. २,१०० गुणिले बारा म्हणजे २५,२००. म्हणजे हे वचन पाळलं तर सरकार हाताने देईल ती रक्कमच सरकारच्या गरिबीच्या रेषेपेक्षा मोठी होईल! ही मर्यादा आता कुठल्याही हिशोबात बसत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

आणि ते वचनही अजून वचनच. २०२५ सालचे बाराही महिने वृद्धांचा पगार १,५०० वरच गेला. (गावाकडे याला पगारच म्हणतात, 'श्रावणबाळचा पगार आला का?') त्याच वर्षी दिव्यांगांचं अनुदान २,५०० झालं, ते योग्यच झालं, मला त्याचा आनंद आहे. पण सत्तरीतली, गुडघे गेलेली, एका डोळ्याने दिसत नसलेली बाई दिव्यांगाचं प्रमाणपत्र नाही म्हणून हजार रुपयांनी मागे राहते. गॅसची टाकी साडेआठशेच्या वर गेलीय. ती भरली की १,५०० मधले साडेसहाशेही उरत नाहीत, त्यात बीपीच्या गोळ्या, रिक्षा, आणि नातवाच्या हातावर कधीतरी दहा रुपये.

केंद्राचा वाटा तर सांगायलाही लाज वाटावी असा आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतनात ऐंशीच्या आतल्या माणसासाठी केंद्र महिन्याला २०० रुपये देतं. २००७ मध्ये योजनेला हे नाव मिळालं तेव्हाही २००च होते. ऐंशीनंतर ५००. बाकीचे राज्याने घालायचे. दिल्लीत सरकारं बदलली, दोनशेचा आकडा हलला नाही.

आता सुधारणांबद्दल. २०२४ च्या अखेरीपासून या योजनांचे पैसे डीबीटीने थेट आधार जोडलेल्या खात्यात येऊ लागले. मुळात ही कल्पना चांगली आहे. पूर्वी तहसीलमधून बँकेत याद्या जायच्या, मधे कुठेतरी अडकायच्या, तीन-तीन महिन्यांचे पैसे एकदम यायचे. थेट पैसे येणं हा म्हाताऱ्या माणसाचा हक्कच आहे. पण ही सुधारणा राबवताना ती कुणासाठी आहे याचा विचार झालेला दिसत नाही. ज्यांनी चाळीस वर्षं विड्या वळल्या, द्राक्षबागेत छाटण्या केल्या, गवंड्याच्या हाताखाली सिमेंट कालवलं, त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीनवर अंगठा उठत नाही. परत ठेवा, पुसून ठेवा, दुसरं बोट ठेवा. मागे रांग. आधारला जोडलेला मोबाइल नंबर नातवाचा, नातू पुण्याला, त्यामुळे ओटीपी तिकडे जातो. हयातीचा दाखला वेगळाच. आपण जिवंत आहोत हे माणसाने स्वतः चालत जाऊन सिद्ध करायचं, आणि जो चालू शकत नाही त्याचा पगार थांबतो. सगळ्यात जास्त गरज ज्याला आहे त्याचाच आधी थांबतो.

सिडकोत निदान रिक्षा मिळते. नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. सुरगाण्याच्या, पेठच्या पाड्यावरच्या आजोबांनी तालुक्याच्या गावी यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि तिथे सर्व्हर डाऊन असेल तर तो दिवस वाया. सोबत येणाऱ्या पोराची मजुरीही बुडते.

'पोरांनी सांभाळायला नको का?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. सांभाळायला हवंच. त्यासाठी २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदाही आहे, प्रांताकडे अर्ज करून महिना १०,००० पर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. पण ज्या मुलाच्या हातात ठेक्याच्या नोकरीतून घरभाडं आणि शाळेची फी भागवून काही उरत नाही, त्याच्याविरुद्ध आईने अर्ज करून काय मिळवायचं? बहुतेक घरांत पोरं सांभाळताहेतच. ज्वारीची भाकरी आणि अंथरुण कुणी नाकारत नाही. पण स्वतःच्या गोळ्यांसाठी सुनेपुढे हात पसरावा लागू नये एवढी तरी जागा त्या बाईला हवी की नको? संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात म्हातारपण, आजारपण, बेकारीत सार्वजनिक साहाय्याची तरतूद करायला राज्याला सांगितलंय. तिथे मुलगा कमावतो का असं विचारलेलं नाही.

आणि अट न लावता योजना चालवता येते हे याच राज्याने करून दाखवलंय. ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. कंडक्टरला ओळखपत्र दाखवायचं, बसायचं. उत्पन्नाचा दाखला नाही, समिती नाही, एजंट नाही. ठक्कर बाजारला, महामार्ग स्टँडवर जाऊन बघा, म्हातारी माणसं कशी ताठ मानेने गाडीत चढतात. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड मिळतं, तिथेही उत्पन्नाची अट नाही. मग नेमकं महिन्याच्या १,५०० रुपयांसाठीच एवढा संशय का?

इतर राज्यांत काय चाललंय तेही बघा. आंध्र प्रदेशात जुलै २०२४ पासून वृद्धांना महिना ४,००० रुपये मिळतात आणि कर्मचारी महिन्याच्या सुरुवातीला दारात येऊन देतात. राजस्थानने २०२३ मध्ये कायदा करून पेन्शनमध्ये दरवर्षी १५ टक्के वाढ लिहून दिली. आपल्याकडे वाढ निवडणुकीच्या तोंडावर जाहीर होते. हमालांचे नेते बाबा आढाव आणि सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांनी पेन्शन परिषद या मोहिमेतून किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन सगळ्या कष्टकऱ्यांना द्या अशी मागणी कित्येक वर्षं लावून धरली. हमाल, मोलकरीण, विडी कामगार यांनी देशाच्या उत्पन्नात भर घातली, त्यांच्यातल्या किती तरी जणांना ग्रॅच्युइटी नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, मग म्हातारपणाचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. तो आजही जसाच्या तसा उभा आहे.

पैसा नाही हे उत्तर मला नाशिकमध्ये तरी कुणी देऊ नये. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट यांची कामं निघालीत, आणि ती व्हायला हवीतच, माझी त्याला हरकत नाही. पण मग सरकारकडे पैसा नाही असं नाही. प्राधान्य कुणाला, एवढाच मुद्दा आहे.

माझी मागणी मोठी नाही. श्रावणबाळची उत्पन्न मर्यादा लाडकी बहीणएवढी, अडीच लाख करा. आणि जी बाई आज लाडकी बहीणमध्ये आहे, तिला पासष्ट पूर्ण होताच पुढच्या महिन्यापासून आपोआप श्रावणबाळमध्ये घ्या. तिचं आधार सरकारकडे आहे. जन्मतारीख आहे. खातं आहे आणि त्या खात्यात सरकारचेच पैसे दरमहा जात होते. पैसे बंद करायला जो संगणक तिची जन्मतारीख बरोबर ओळखतो, त्याच जन्मतारखेवरून पैसे चालूही ठेवता येतात. नवा अर्ज, नवा दाखला, नवी रांग कशासाठी? पुरुषांनाही हीच मर्यादा लावा, त्यांचंही पोट असतं. हयातीची तपासणी अंथरुणावरच्या माणसासाठी घरी येऊन करा, आशाताई आणि अंगणवाडीताई दर घर ओळखतात, त्यांना त्याचा वेगळा मोबदला द्या.

तोवर एक काम प्रत्येकाने घरी करावं. पैसे थांबलेत असं वाटलं तर आधी बँकेत जाऊन विचारा की आधार नेमकं कुठल्या खात्याला जोडलेलं आहे. डीबीटीचे पैसे शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं त्यातच जातात, पासबुक तुमच्याकडे कुठलंही असो. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचे पैसे त्यांनी विसरलेल्या जुन्या जनधन खात्यात जमा होत होते आणि ते उधारीवर किराणा आणत होते.

मर्यादा वाढवण्याच्या मागणीचं पत्र मी मराठीत, एका पानात लिहिलंय. नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम आणि देवळाली, चारही मतदारसंघांच्या आमदारांना ते द्यायचं आहे, जिल्हाधिकाऱ्यांनाही. मजकूर पहिल्या कमेंटमध्ये आहे. नाव बदलून वापरा, माझं नाव नको. घरात चौसष्ट वर्षांची आई, सासू, मावशी, मोलकरीण असेल तर तिची सही आधी घ्या. निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवला, कुठूनही द्यायचं असेल तर कळवा, छापील प्रती पाठवते.