परभणीच्या काकांना उत्तर: पाणी, समृद्धी आणि बहात्तरची खडी

काका, नमस्कार.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावरच्या ‘समृद्धी महाग पडली नाही’ या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मराठवाड्याला पाणी हवं असताना ५५ हजार कोटी रस्त्यात घातले, त्या रस्त्यावर तुमची मोटारसायकल चढू देत नाहीत, आणि बहात्तरच्या दुष्काळात पंधरा वर्षांचे असताना तुम्ही जिथं खडी फोडली, तो गावचा रस्ता आजही पावसाळ्यात चिखलाचाच. शेवटी ‘शहरात बसून लिहायला काय जातंय’ असा टोला. तो झेलला.

तुमचं जे खरं आहे ते आधी. समृद्धी ७०१ किलोमीटरची, पण मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतले जालना आणि छत्रपती संभाजीनगर एवढे दोनच तिच्यावर. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर बंद. कारला एप्रिल २०२५ पासून किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे टोल. परभणीच्या माणसानं आधी जालना गाठायचं, मग समृद्धी. हे मी लेखात लिहायला हवं होतं, राहिलं.

‘पाणी की रस्ता’ हे भांडण मात्र मला पटत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, आठवत असेल. ते आलं कशावरून? बार्शी लाइट या जुन्या रेल्वेची अरुंद रुळांवरची गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली होती, आणि तो मार्ग टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज होता होता या शतकाचं पहिलं दशक सरलं. रूळ रुंद करताना त्यावरून पाण्याच्या वाघिणी धावतील असा हिशोब कुणी मांडला असेल असं वाटत नाही. उलट उदाहरणही आपलंच. देशातली चार महानगरं जोडणारा सुवर्ण चतुष्कोन महामार्ग पुण्याहून सातारा-कोल्हापूरकडे गेला, उत्तर-दक्षिण महामार्ग नागपूरहून पांढरकवड्याकडून खाली उतरला. मराठवाडा दोन्हींच्या मधे राहिला.

आता तुमच्या गावच्या रस्त्याकडे येतो, कारण माझा मूळ मुद्दा तिथंच आहे. बहात्तरला सरकारला रस्ता नको होता, हाताला काम द्यायचं होतं, रस्ता निमित्त. (तेव्हा वाटलेली ती सुकडी आणि तो लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आमच्या आजीच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की चव कळते.) माती पडली, खडी पडली, पाऊस आला आणि लोक शेताकडे परतले. किती तरी ठिकाणी मोऱ्या राहिल्या, गटारं राहिली, डांबर तर लांबच. खाली आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. तिच्यावर मुरमाचा जाड थर नसला, साईडपट्टी भरलेली नसली, पाणी निघून जायला वाट नसली, तर वर कितीही डांबर ओता, दोन पावसाळ्यांत उखडतं. खड्डा वरून दिसतो, पण सुरू खालून होतो.

त्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि वाळूचे हायवा, म्हणजे मोठे डंपर. चाकांच्या आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, ढोबळमानानं सोळापट होते. अभियंत्यांचा हा जुना ठोकताळा. म्हणजे रात्रीतून गेलेले चार हायवा तुमच्या गावच्या सगळ्या मोटारसायकलींनी वर्षभरात केली नसेल एवढी नासाडी करून जातात.

म्हणून मी ‘महाग नाही’ म्हणालो तेव्हा ५५ हजार कोटींकडे बघून म्हणालो नव्हतो. तीस वर्षं तो रस्ता रस्ता राहावा म्हणून जे लागेल ते धरून म्हणालो होतो. समृद्धीला टोल आहे, दुरुस्तीचा पैसा तिथून निघू शकतो. तुमच्या रस्त्याला टोल नाही, म्हणून त्याचा वाली नाही. भूमिपूजनाला मंडप पडतो. मोरी साफ करायला मंडप टाकलेला मी तरी पाहिला नाही.

यावर उपाय अगदी नाहीत असंही नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीत सरकार बांधकामाच्या वेळी ४० टक्केच देतं, उरलेले ६० टक्के पुढची पंधरा वर्षं हप्त्यानं, आणि तोवर निगा ठेकेदाराच्याच गळ्यात. पंतप्रधान ग्रामसडकेच्या रस्त्यांना पाच वर्षांची देखभाल टेंडरातच असते. पाच कमी आहेत. काळ्या मातीत तर फारच कमी. पण शून्यापेक्षा बरी.

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाबद्दल तुम्ही विचारलंत. ज्याची बागायत जातेय त्याला ‘दूरदृष्टी ठेव’ असं मी सांगणार नाही. त्यावर वेगळं लिहीन.

एक काम कराल का? तुमच्या रस्त्याला फाट्यावर एखादा फलक असेल, त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि देखभालीची मुदत लिहिलेली असते. झुडपात गेला असेल तर जरा बाजूला सारून फोटो काढून पाठवा. मुदत उरली असेल तर अर्ज मी लिहून देतो, सही तुमची.